सिंगापुरात बॅरिस्टर मिळत नाही

सिंगापूरहून परत आल्यापासून फलटण कोर्टाच्या बाररूममध्ये मला चहा फुकट मिळतो, पण त्या बदल्यात रोज एकच प्रश्न सोसावा लागतो. "बाई, बॅरिस्टर कसं होतात हो?" आमचा शिपाईसुद्धा विचारून गेला. त्याचा धाकटा दहावीत दोनदा बसलाय, पण वेळेवर चौकशी केलेली बरी, असं त्याचं म्हणणं.

हा सगळा उपद्व्याप माझ्या धाकट्या भावाचा. दिलीप सिंगापुरात एका बँकेत मोठा साहेब आहे आणि त्याच्या मुलीला, मुक्ताला, वकिलीची सनद मिळणार होती. त्याने फलटणमध्ये ज्याचा म्हणून फोन नंबर त्याच्याकडे होता त्या प्रत्येकाला कळवलं, "मुक्ता बॅरिस्टर होतेय!" आमच्या आप्पांची, म्हणजे वडिलांची, फार इच्छा होती की घरात एक तरी बॅरिस्टर व्हावा. मी एलएल.बी. झाले तेव्हा आप्पा म्हणाले होते, "बरं झालं, बांधाचे वाद घरच्या घरी मिटतील." दिलीप तर माझ्या तीसेक वर्षांच्या प्रॅक्टिसला आजही 'तालुक्याची वकिली' म्हणतो. म्हणतो कसा, तर पावडर लावायला विसरलेल्या बाईकडे बघावं तसं बघून.

पूर्वी म्हणे विलायतेत ठरावीक जेवणं जेवल्याशिवाय बॅरिस्टर होता येत नसे. तेवढ्यावरच भागत असतं तर आमचा दिलीप पाचवीतच झाला असता.

बुकित तिमाह

दिलीपचा कॉन्डो बुकित तिमाहला आहे. खाली पोहण्याचा तलाव, बाजूला व्यायामशाळा, आणि जिकडे तिकडे काय करू नये याच्या पाट्या. बाल्कनीत कपडे दिसता कामा नयेत. मी पहिल्याच सकाळी माझं लुगडं तिथं वाळत घातलं आणि दिलीप टॉवेल गुंडाळून धावत आला. "ताई, कम्प्लेंट होते इथं!" फलटणला हाच माणूस आमच्या गच्चीवरून शेजाऱ्याच्या अंगणात आंब्याच्या कोयी फेकायचा.

मेधावहिनी, त्याची बायको, शांत आहे. इतकी वर्षं दिलीपबरोबर काढल्यावर माणूस शांत तरी होतो नाहीतर माझ्याकडे येतो.

मी बॅग उघडली आणि वर ठेवलेला काळा कोट आणि पांढरे बँड काढून दाखवले. घरून इस्त्री करून नेले होते. माझी समजूत अशी, की भाचीला सनद मिळणार, तिथं तिच्या बाजूने कुणा वकिलाला उभं राहावं लागतं असं तिनेच फोनवर सांगितलं होतं, मग घरचा वकील असताना बाहेरचा कशाला? मी विमानात दोन वाक्यं इंग्रजीत पाठसुद्धा केली होती.

मुक्ता कोट बघून हसत सुटली. इथल्या सगळ्यांसारखं तिच्याही वाक्याला 'लाह'चं शेपूट असतं. "आत्या, कॅनॉट लाह! इथं प्रॅक्टिस करणारा वकीलच पाहिजे."

"का? फलटणचा न्याय काय वेगळा असतो?"

"आत्या, तू इथल्या कोर्टात उभी राहिलीस तर तुझीच केस उभी राहील."

मग तिने मला सगळं समजावलं. बाररूममधल्या मंडळींनी इथं कान द्यावा, पुन्हा सांगणार नाही. सिंगापुरात बॅरिस्टर नावाचा प्राणीच नाही. विलायतेत कोर्टात बोलणारा वेगळा आणि कागद करणारा वेगळा. इथं दोन्ही एकच माणूस करतो, जसं आपल्याकडे मी करते. आधी कायद्याची पदवी. मग आणखी एक कोर्स आणि परीक्षा, जिचं नाव काढलं तरी मुक्ताचा चेहरा अजून पडतो. मग एखाद्या फर्ममध्ये सहा महिने उमेदवारी. आणि शेवटी एक दिवस न्यायमूर्तींसमोर सगळ्यांना एकदम 'बार'मध्ये बोलावतात. त्या दिवशी नव्या वकिलाने शपथ सोडून तोंड उघडायचं नाही. त्याच्यासाठी एक सनदी वकील उठून सांगतो, की हा लायक आहे, याला घ्या. त्याला 'मूव्हर' म्हणतात.

"म्हणजे वकील होण्याच्या दिवशीच वकिलाने गप्प बसायचं?"

"यस लाह."

"अगं, मग आमच्याकडे एकालाही सनद मिळाली नसती," मी म्हटलं.

दिलीप हे सगळं ऐकत होता. म्हणाला, "ताई, तांत्रिक बाबी सोड. जगात बॅरिस्टर म्हटलं की कळतं. आणि तिला कोर्टात उभं राहायचंय कुठं? आमच्या बँकेच्या लीगलमध्ये तिची जागा नक्की केलीय मी. सोमवारी फक्त हो म्हणायचंय." मुक्ताने टेबलावरचं आपलं ताट उचललं आणि आत नेलं. ताटात अजून दोन पोळ्या होत्या.

पुलाउ उबीन

शनिवारी समारंभ, म्हणून शुक्रवारी दिलीपने रजा काढून आम्हाला बेटावर नेलं. बरोबर अमोल आणि नीलिमा होते. अमोल वन-नॉर्थ भागातल्या आयटी कंपनीत मॅनेजर, पुण्याचा, इथल्या मराठी मंडळाचा खजिनदार. नीलिमा त्याची बायको. ती काय करते ते मला बराच वेळ कळलं नाही, कारण मी तिला काही विचारलं की उत्तर अमोल द्यायचा.

"नीलिमा, तू मूळची कुठली गं?"

"नाशिकची ती," अमोल.

"काय शिकलीस?"

"एम.कॉम. पण इथं काही उपयोग नाही, ताई. आणि तिला घरीच आवडतं."

चांगी व्हिलेजला बोटीआधी हॉकर सेंटरमध्ये खायला थांबलो. उघडं-वाघडं मोठं खानावळींचं आवार, प्रत्येक गाड्यापुढे रांग. तिथं जागा धरायची पद्धत अशी, की रिकाम्या टेबलावर टिश्यूपेपरचं एक पुडकं ठेवायचं आणि खुशाल निघून जायचं. कुणी म्हणून त्या टेबलाला हात लावत नाही! आमच्याकडे लोक सात-बारा दाखवला तरी हलत नाहीत, आणि इथं एका पुडक्यावर ताबा कायम. हा कायदा फलटणला लागू झाला तर माझी अर्धी प्रॅक्टिस बसेल.

मी नारळाच्या दुधातला भात घेतला, वर तळलेली सुकी मासळी आणि लालभडक मिरचीचा ठेचा. झकास! नीलिमा त्या ताटाकडे बघत होती, तेवढ्यात अमोल म्हणाला, "तिला तिखट चालत नाही," आणि तिच्यासाठी टोस्ट आणला. ती तो टोस्ट खाऊ लागली. मी माझ्या भातातला एक घास ठेच्यासकट तिच्या बशीत ठेवला. तिने अमोलची पाठ फिरेपर्यंत वाट पाहिली आणि तो चाटूनपुसून खाल्ला. डोळ्यांत टिपूससुद्धा नाही.

बेटावर जाणारी बोट माणसं भरल्याशिवाय सुटत नाही. अख्ख्या सिंगापुरात मला घरच्यासारखी वाटलेली ही पहिली गोष्ट. चक्क आमच्याकडची वडापची जीप! जे शहर सेकंदावर चालतं, तिथं म्हातारा नावाडी बारावं माणूस येईपर्यंत पाय पसरून बसला होता आणि दिलीप घड्याळ बघून बघून काळानिळा होत होता.

पलीकडे जुनी लाकडी घरं, पत्र्याची छपरं, नारळ, आणि भाड्याच्या सायकली. मी कॉलेजात सायकल चालवायचे, ती काही विसरत नाही म्हणतात. सायकल विसरली नव्हती, ब्रेक विसरला होता. उतारावर मी थेट झुडपात गेले. गुडघा फुटला, पंजाबी ड्रेस फाटला. झुडपातून बाहेर येते तो समोर रानडुक्कर! त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बास्केटमधून पडलेला मेधावहिनीचा थालीपिठांचा डबा त्याने नाकाने उघडला आणि निवांत नाश्त्याला बसलं.

"ताई, त्याला खायला घालू नकोस, फाइन होतो!" दिलीप लांबून ओरडला. बहीण झुडपात पडलेली, आणि याला दंडाची काळजी.

मुक्ता मला धरून एका पडवीत घेऊन गेली. बाकीचे पुढे गेले. तिने पाण्याने गुडघा धुतला आणि मान वर न करता म्हणाली, "आत्या, मला बँकेत नाही जायचं."

"ते कळलं मला. ताटात दोन पोळ्या होत्या."

मग तिने सगळं सांगितलं. मोठ्या फर्ममध्ये उमेदवारी केली तेव्हा सहा महिने एका करारातल्या स्वल्पविरामांवर बसली होती. मधल्या काळात फुकट सल्ल्याच्या केंद्रावर स्वयंसेवक म्हणून गेली, तिथं मिसेस चान भेटल्या. साठीच्या बाई, चायनाटाऊनमध्ये भाजीबाजाराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस. घटस्फोट, पोटगी, मारहाण, मोलकरणींचे अडकलेले पासपोर्ट. त्यांनी मुक्ताला जागा देऊ केली होती. त्यांनाही सोमवारीच उत्तर हवं होतं, कारण दुसरी मुलगी वाट बघत होती.

"म्हणजे तालुक्याची वकिली!" मी म्हटलं.

"तेच ना. बाबांना हा शब्द ऐकायलाच चालत नाही." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्या, तू सांग त्यांना. तुझं ऐकतील ते. यू आर्ग्यू सो वेल."

माझा जीव गलबलला, खोटं कशाला बोलू. लगेच जाऊन दिलीपचा कान पिळावा असं वाटलं. पण मी म्हटलं, "नाही. परक्यांच्या केसेस मांडणार आयुष्यभर, आणि स्वतःची मला देतेस? बापासमोर जीभ उचलत नसेल तर बँकेत जा, एसी असतो."

ती रागावली. परतीच्या बोटीत माझ्याशी बोलली नाही.

सभागृह

शनिवारी सकाळी मी कोट घालूनच निघाले. उभं राहायचं नाही म्हणून काय झालं, बसायला कुणी कोट काढा म्हणत नाही. दिलीपने नवा सूट शिवला होता. सभागृहाच्या दाराशी काळ्या सुटातली शेकडो पोरं-पोरी आणि त्यांच्यापेक्षा जास्त घाबरलेले त्यांचे आईबाप.

समारंभ एकदम शिस्तीत. न्यायमूर्ती आले, सगळे उठले, सगळे बसले. आमच्याकडे एवढ्या वकिलांना एका छताखाली बसवलं असतं तर पहिल्या पाच मिनिटांत खुर्च्यांवरून स्थगिती मागितली असती. न्यायमूर्तींचं भाषण झालं. ते म्हणाले, हा धंदा नव्हे, सेवा आहे. दिलीपने जोरात टाळ्या वाजवल्या. मी त्याच्याकडे बघितलं, पण तो मोबाइलवर ते चित्रित करण्यात गुंग होता.

मग एकेक मूव्हर उठू लागले. मुक्तासाठी एक साठीची ठेंगणी बाई उभी राहिली. मिसेस चान, मी लगेच ओळखलं. तिचा झगा इतका जुना, की काळा रंग हिरवट झालेला. माझाच कोट जणू परदेशी जाऊन आला होता. पण आवाज खणखणीत. मोजकी वाक्यं बोलून ती खाली बसली. मुक्ता ताठ उभी होती, ओठ मिटलेले. मला मेलीला रडू आलं आणि बँडनेच डोळे पुसावे लागले.

"ही कोण?" दिलीप कुजबुजला. "फर्मचा पार्टनर येणार होता ना?"

"तुझ्या मुलीला विचार," मी म्हटलं.

बाहेर झगे घालून फोटो सुरू झाले तेव्हा त्याने विचारलं. मुक्ता म्हणाली, "उद्या सांगते, बाबा." दिलीपने पुढचा फोटो काढला.

पुन्हा बुकित तिमाह

रविवारी दुपारी दिलीपने मंडळाच्या वीस-पंचवीस जणांना जेवायला बोलावलं होतं. केक बघून मी बसलेच. वर इंग्रजीत 'बॅरिस्टर मुक्ता', आणि त्यावर क्रीमचा पांढरा कुरळा टोप! असला टोप इथल्या वकिलांनी घालायचं कधीच सोडलंय, पण दिलीपच्या हौसेला मोल नाही. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच.

ओळखीत कुणी वकील झालं की मराठी माणसाला सगळी भांडणं एकदम आठवतात. एक गृहस्थ मुक्ताला शेजारच्या पोरीच्या पियानोबद्दल नोटीस कशी द्यायची ते विचारत होते. दुसऱ्यांना घरमालकाने पेंटिंगचे पैसे कापले म्हणून राग होता. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' म्हणणारे हेच लोक. फुकट असेल तर पायरीवर पथारी टाकतील.

मी स्वयंपाकघरात पुऱ्या तळायला गेले. नीलिमा लाटत होती. खाली मान घालूनच म्हणाली, "ताई, माझी एक मैत्रीण आहे..."

माझ्या फलटणच्या ऑफिसात येणाऱ्या निम्म्या बायका मैत्रिणीसाठीच येतात. मी झारा खाली ठेवला आणि गॅस बंद केला.

मैत्रीण डिपेंडंट पासवर होती. म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या पासला टाचणीने लावलेली बायको. नवरा भांडण झालं की म्हणायचा, उद्या पास रद्द करतो, बस विमानात. पासपोर्ट त्याच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्याच्याकडे. मैत्रिणीला एक मुलगी होती, नर्सरीतली. पास गेला तर मुलगी कुणाकडे राहणार?

"हात उचलतो का?" मी विचारलं.

तिने पुरी लाटायची थांबवली नाही.

"हे बघ, इथला कायदा मला येत नाही आणि मी थापा मारणार नाही. तुझ्या मैत्रिणीला सांग, इथल्या वकिलाला गाठ. बाहेरच्या खोलीत एक आहे. कालच झालीय, पण तिच्या मागे एक जुनं खोड आहे." मी तिला मिसेस चानबद्दल सांगितलं. नीलिमा म्हणाली, "मैत्रीण घाबरट आहे, ताई." मी गॅस पेटवला.

जेवणं अर्धी झाली तेव्हा दिलीपने चमच्याने ग्लास वाजवला. आप्पांचं स्वप्न, फलटण, कष्ट, सगळं आलं. मग म्हणाला, "आणि आता आमची बॅरिस्टर उद्यापासून..."

"बाबा," मुक्ता उभी राहिली. "मी बॅरिस्टर नाहीये. आणि मी बँकेत जाणार नाहीये."

सगळे चमचे थांबले. तिने सांगितलं. चायनाटाऊन, दोन खोल्या, मिसेस चान. मराठीत सुरू केलं, मध्ये इंग्रजीत गेली, परत मराठीत आली. युक्तिवाद म्हणाल तर कच्चा होता. मी असते तर बापाच्या आधी आईला बाजूला घेतलं असतं. पण ती शेवटपर्यंत बोलली आणि खाली बसली नाही.

दिलीपचा चेहरा लाल झाला. आधी माझ्याकडे वळला. "तू भरवलंस हे हिच्या डोक्यात!"

"मी नाही म्हटलं होतं रे हिला. तिला विचार."

"मेधा, तुला माहीत होतं?"

"मला माहीत नव्हतं," वहिनी म्हणाली, "पण ती सहा महिने जेवत नव्हती ते दिसत होतं."

मग तो मुक्तावर आला. "एवढं शिकवलं ते बाजाराच्या माडीवर बसायला? कोण येणार आहे गं तिथं तुझ्याकडे? सांग ना, कोण येणार आहे?"

पियानोवाले गृहस्थ केकवरच्या टोपाकडे बघत होते.

"मी येणार आहे."

नीलिमा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातात श्रीखंडाच्या वाट्यांचा ट्रे.

अमोल मोठ्यांदा हसला. दोघे-तिघे त्याच्याबरोबर हसले. "अहो, गंमत करतेय ती. तुला गं काय काम वकिलाचं?"

"ते मी हिला सांगेन," नीलिमा म्हणाली. ट्रेमधल्या वाट्या वाजत होत्या. मी उठून तो तिच्या हातातून घेतला.

अमोलचं हसू गेलं. त्याने ताट बाजूला सारलं आणि उठला. "नीलू, चल. निघायचं."

नीलिमा हलली नाही. नर्सरीतली ती पोर सोफ्यावर वरणभात खात होती, तिने आईकडे बघितलं आणि चमचा खाली ठेवला. अमोल एक पाऊल पुढे आला. मुक्ता टेबलाला वळसा घालून नीलिमाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. काल सभागृहात मिटलेलं तोंड तिने आता वकील म्हणून पहिल्यांदा उघडलं, तेही अगदी हळू आवाजात. "उद्या साडेनऊला ऑफिस उघडतं, नीलिमा. मिसेस चान असतील, मीही असेन."

आणि मग दिलीप उठला. मला वाटलं, झालं, आता हा खजिनदाराची माफी मागणार. आठ दिवस मी या माणसाची मनातल्या मनात साल काढत होते. तो अमोल आणि स्वयंपाकघराचं दार यांच्या मध्ये गेला, नव्या सुटाचं बटण सोडलं आणि साहेबी इंग्रजी बाजूला ठेवून निव्वळ फलटणच्या मराठीत म्हणाला, "तिचं जेवण व्हायचंय अजून. तू हो पुढं."

"दिलीपदादा, हा आमच्या घरातला..."

"माझ्या घरात जेवायला आलीय ती. उपाशी पाठवत नसतो आम्ही. तू हो पुढं."

अमोल गेला. दार लागल्यावर दिलीप खुर्चीवर बसला. मेधावहिनीने आतल्या खोलीत मायलेकींसाठी गादी घातली आणि नीलिमाला ताट वाढलं. मी त्यात मिरचीचा ठेचा वाढला, चांगला दोन चमचे.

"मुक्ते," दिलीप शेवटी म्हणाला, "ते चायनाटाऊन. गाडी कुठं लावायची असते तिथं? उद्या सकाळी दोघींना सोडतो मी."